एक नंबरची निवृत्ती

जुईनगर
१६ नोव्हेंबर २०२५

उन्नती,

पत्रिका मिळाली. पत्रिका कसली, लग्नाचा आल्बमच तो. सोनेरी कडा, वर गणपती, खाली रग्बीचा चेंडू आणि दोघांच्या मध्ये तुझा नवरा. गणपतीपेक्षा मोठा. हात जोडलेत, पण असे, की समोरच्यानंच आधी नमस्कार करावा. 'विद्यापीठ रग्बी क्लब, रौप्यमहोत्सवी सोहळा. महोत्सव अध्यक्ष मा. श्री. हरेशशेठ घरत.' आणि अगदी तळाला, केटरर्सच्या वर, 'स्वागताध्यक्षा सौ. उन्नतीताई हरेशशेठ घरत.' अभिनंदन. केटरर्सच्या वर तरी आलीस.

माझं नाव शोधू नकोस, नाहीये. मुलींच्या संघाला इतकी वर्षं शिकवणारी बाई पत्रिकेत कशाला हवी? मुलींचा संघच पत्रिकेत एका ओळीत आहे: 'महिला खेळाडूंतर्फे माजी खेळाडूंचे औक्षण.' औक्षण! नऊवारी, नथ, हातात तबक, आणि समोर तुझ्या नवऱ्याचे ते ढेरपोटे मित्र. त्यातल्या निम्म्यांना आता बुटाची नाडी बांधायला बायको लागते. माझ्या पोरींनी त्यांना ओवाळायचं, कशाबद्दल, तर ते कधीकाळी मैदानावर धावले होते म्हणून.

हे सगळं मी मोबाईलवर लिहिलं असतं. पण तुमच्या घरात सगळ्यांचे फोन हरेश उघडतो आणि तू उघडू देतेस. म्हणून कागद. तुझ्या अक्षताच्या किटबॅगेत घाणेरड्या मोज्यांखाली ठेवतेय, तिथं तुझ्याशिवाय कोणी हात घालायचं नाही. (अक्षता, वाचत असशील तर खुशाल वाच. पण स्क्रममध्ये मान खाली घालू नकोस. शंभरदा सांगितलंय.)

आता मुद्दा. पत्रिकेच्या मागच्या पानावर आहे: 'विशेष आकर्षण. हरेशशेठ यांची एक नंबरची जर्सी क्लबतर्फे कायमची निवृत्त.' म्हणजे यापुढे क्लबमध्ये कुणीच एक नंबर घालायचा नाही. क्रिकेटमध्ये मोठ्या खेळाडूचा करतात तसं, म्हणे.

अगं, क्रिकेटमध्ये नंबर म्हणजे पाठीवरची हौस. कुणी वाढदिवसाची तारीख घालतो, कुणी बाबा सांगतील तो आकडा. आपल्यात नंबर म्हणजे जागा. एक म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, पहिल्या रांगेत डावीकडून खांदा लावणारा. दोन मधला, तीन उजवा. हे पहिल्या दिवशी सांगतात, बूट घालायच्या आधी. एक नंबर निवृत्त करायचा म्हणजे एसटीतली ड्रायव्हरची सीट सन्मानानं काढून काचेच्या पेटीत ठेवायची, आणि मग म्हणायचं, चला, गाडी सोडा.

हरेशला हे माहीत नाही असं नाही. खेळलाय तो. वाईट खेळलाय, पण खेळलाय. त्याच्या त्या इव्हेंटवाल्या केतननं सुचवलं. हरेशला 'एक नंबर' आणि 'कायमचा' एवढंच ऐकू आलं असणार, पुढं कान बंद. गाडीचा नंबर एक, मोबाईलचे शेवटचे चारही आकडे एक, टॉवरची विंग ए. त्याचं चाललं असतं तर त्यानं तुझं नावही बदलून प्रथमा ठेवलं असतं.

आणि आता जरा बस, कारण हे तुझं आहे. यंदा पहिल्यांदाच माझ्या पोरी पंधरा भरल्यात. आपण सात-सात जणी खेळायचो, आठवतंय ना? पंधरांचा सामना आपल्या क्लबच्या मुलींनी कधी खेळलाच नाही. तो या सोहळ्याच्या दिवशी होणार आहे, पुण्याच्या मुलींशी. मी विद्यापीठात भांडून मिळवलाय. राज्याच्या संघाची निवड करणारी माणसं बघायला येणारेत. आणि माझ्या संघात एक नंबरला कोण खेळतं, ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे, कॅन्टीनवाल्याला माहीत आहे. अख्ख्या उलव्यात फक्त तिच्या बापाला माहीत नाही. त्याला वाटतं पोरगी झुंबाला जाते.

त्याला सांग. सामन्याआधी, तुझ्या तोंडानं. एवढं एक काम कर, बाकी तबक, कुंकू, निरांजन काय ते तुझं चालू दे.

मैत्री

---

३० नोव्हेंबर

उन्नती,

तुझा निरोप अक्षतानं सांगितला. बिचारी सांगताना माझ्याकडे बघतही नव्हती. 'आई म्हणते, त्या दिवशी माझा पाय मुरगळला असं सांगा आणि मला बसवा.'

वा. काय डोकं चालवलंस. वर्षभर मी त्या पोरीला उभं करतेय. राज्याची माणसं तिला बघायला येणार. आणि आईची आयडिया काय, तर पाय मुरगळू दे. अगं, खरा मुरगळला तरी ही पोरगी खेळेल. तुझ्यावर नाही गेली ती, हे तिचं नशीब.

वर म्हणतेस, त्यांना कळलं तर ते तिला कॉलेजमधूनच काढतील. काढेलही. त्याची मतं मी कमिटीच्या मीटिंगमध्ये ऐकलीत ना. 'मुलींनी खेळायलाच पाहिजे, मैत्री मॅडम. काळाची गरज आहे.' तेवढ्यात कुणी तरी विचारलं, तुमची मुलगी पण आपल्याच विद्यापीठात आहे ना, शेठ? तर म्हणतो, 'हाय ना. पण ती अभ्यासातली.' म्हणजे मुलींनी खेळावं, पण दुसऱ्यांच्या.

त्या मीटिंगचंच सांगते, नाहीतर माझं पोट फुगेल. कमिटीत सगळे माजी खेळाडू. समोर काजू, समोसे. मी उभी राहून सरळ विचारलं, एक नंबर निवृत्त झाल्यावर स्क्रमला डावीकडून कोण लागणार? जे लोक वीस-वीस सामने खेळलेत, त्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. एकालाही, एकालाही सुचलं नव्हतं! का सुचेल? नव्या पॅव्हेलियनला पैसे हरेशशेठचे, समोसे हरेशशेठचे. समोसा तोंडात असला की नियम आठवत नाहीत.

मग मी सदू सरांकडे पाहिलं. म्हटलं, हे तरी बोलतील. आपल्याला ज्यांनी मान कशी ठेवायची ते शिकवलं, ते सदू सर. मुलांचे कोच आजही तेच आहेत. त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता. तर म्हणाले, 'तोडगा निघेल. मुलांच्या आणि मुलींच्या संघात एक नंबरच्या जागी एक-अ लिहू.'

एक-अ! सोसायटीची विंग आहे का ती? उद्या चेंडू कुणाकडे आहे, तर एक-अ कडे. टॅकल कुणी केला, तर चौदा-ब नं. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. टाळ्या! हरेश म्हणाला, 'बघा, इच्छा असली की मार्ग निघतो.' मी म्हटलं, पाहुण्या संघासमोर पोरी एक-अ घालून उतरल्या तर रेफरी हसून आडवा पडेल. तर केतन मला समजावतो, 'मॅडम, ऑडियन्सला कळत नाही हो.' हे खरं बोलला. ऑडियन्स त्या टेबलाभोवतीच बसला होता.

तर तुझ्या निरोपाचं उत्तर: नाही. पाय मुरगळणार नाही. अक्षता खेळेल. आणि एक-अ घालणार नाही. तू त्याला आधी सांगितलंस तर घरात चार भिंतींत भांडण होईल. नाही सांगितलंस तर पाचशे लोकांत होईल. तुला काय परवडतं ते बघ.

मैत्री

---

२१ डिसेंबर

उन्नती,

आज मी तुझ्या सासूला भेटले. मी नाही गेले, त्याच आल्या मैदानावर. विमलबाई बोलल्या तशा गोड. अक्षताचा कान सुजलाय ते त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी ते हरेशला सांगितलं नव्हतं. म्हातारी हुशार आहे, तुझ्यापेक्षा तरी. मला म्हणाल्या, 'बाय, खेलू दे पोरीला. पन कान संभाल तिचं. कान मोडलं त कोन करील तिला?' मी म्हटलं, काकी, आता डोक्याला टोपी घालते ती, कानाला काही होणार नाही. 'मंग बरा,' म्हणाल्या, आणि रिक्षा करून गेल्या. झालं. इतकं सोपं असतं बघ. घरात तीन बायका, तिघींना माहीत, तिघी गप्प. एकाला घाबरून.

आणि इथं माझं डोकं फिरतं. कारण हे मी आधी बघितलंय.

सोहळ्यासाठी एक स्मरणिका छापतायत. त्यात हरेशचा लेख आहे, केतननं लिहिलेला: 'ती जर्सी माझी दुसरी त्वचा होती.' दुसरी त्वचा! अगं, क्लबकडे जर्सीचा एकच संच होता. मुलं आधी खेळायची, मग त्यांच्या अंगातून काढलेल्या त्याच ओल्या, चिखलाच्या जर्सी आपण घालायचो. वास आठवतो तुला? मी नाक दाबून घालायचे. तू मात्र एक नंबर घालताना हसायचीस, आणि मी म्हणायचे, ही बया प्रेमात पडलीय, हिला घामाचापण वास येत नाही. तर ती जर्सी जितकी त्याची, तितकीच तुझी. त्याच्या अंगावर तिनं एकही ट्राय केला नाही. तुझ्या अंगावर केला. मुंबईच्या त्या क्लबातल्या परदेशी बायकांविरुद्ध. आपल्यापेक्षा एकेक जण हातभर उंच. तू चेंडू पोटाशी धरलास आणि त्यांच्यातल्या दोघींना अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडलीस. उठलीस तेव्हा ओठ फुटलेला आणि दात लाल. तशी तू परत कधी दिसली नाहीस मला. लग्नाच्या फोटोतही नाही.

त्यानंतर साखरपुडा. आणि दुसऱ्या सोमवारपासून तू सरावाला आलीच नाहीस. मी जासईला तुझ्या घरी आले. तू अंगणात पापड वाळत घालत होतीस. म्हणालीस, 'आता नाही गं जमणार.' मी विचारलं, हरेश नको म्हणाला का? तू म्हणालीस, 'त्यांना काय विचारायचं?' आणि पापड उलटत राहिलीस.

त्यांना काय विचारायचं! हे वाक्य मी आजवर विसरले नाही. मला तुझा राग लग्नाचा नाही, उन्नती. लग्न सगळ्याच करतात, मी नाही केलं तो माझा आनंद. मला राग याचा, की तू साधं विचारलंही नाहीस. तो नाही म्हणाला असता तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते, सदू सरांना नेलं असतं, माझ्या बाबांना नेलं असतं. आमचे भगवानराव कारकून असले तरी मोर्चात पुढं असायचे. तू त्याला नाही म्हणायची संधीच दिली नाहीस. आपणहून गुडघे टेकलेस. स्क्रममध्ये मधल्या खेळाडूचे दोन्ही हात शेजारच्या दोघींच्या खांद्यांवर असतात. डावी बाजू निघून गेली की मधला उभाच राहू शकत नाही. माझी ती डावी बाजू तू होतीस. आपला संघ त्या वर्षी मोडला. पुन्हा उभा करायला मला किती वर्षं लागली ते तुला कुणी सांगितलं नसेल.

आणि आता तेच तू पोरीला शिकवतेयस. न विचारता हरायचं.

उत्तर पाठवू नकोस. तुझ्या निरोपांचा मला वीट आलाय.

मैत्री

---

९ जानेवारी २०२६

उन्नती,

तू उत्तर पाठवलं नाहीस. मी सांगितलं म्हणून? कमाल आहे, सांगितलेलं ऐकायची सवय तुझी सुटतच नाही.

परवा सोहळा. मैदानाचा लग्नाचा हॉल झालाय. एका टोकाला स्टेज, सोफे, मागं हरेशचा पुठ्ठ्याचा पुतळा, हातात चेंडू. चेंडू कलिंगडासारखा धरलाय, पण ते जाऊ दे. पोरी सराव करतायत तिथं मंडपाचे बांबू रोवले होते, मी उपटायला लावले. केतन म्हणाला, 'मॅडम, शेठ ओरडतील.' म्हटलं, ओरडू दे, मला ऐकू येत नाही.

पोरींना नऊवारी नेसवायचा बेत मी मोडला. औक्षण हवं तर माजी खेळाडूंच्या बायकांनी करा म्हटलं. म्हणजे तुझ्याच गळ्यात ते पडलंय, ते मला कळतं. सॉरी म्हणणार नाही.

अक्षतासाठी मी एक नंबरची जर्सी स्वतः शिवून घेतली आहे, सीवूड्सच्या टेलरकडून. सामन्याआधी रेफरीला खेळाडूंची नावं लिहून द्यावी लागतात, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आपल्याकडे पद्धतच ती. मी लिहून दिलीत. केतन तीच नावं माईकवर वाचणार आहे.

तुला हे आधी सांगतेय, कारण मी तुझ्यासारखी नाही. मी सांगून करते.

परवापर्यंत वेळ आहे. सांग त्याला.

मैत्री

---

१३ जानेवारी

उन्नती,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते. तू तिथं होतीस, पण तू स्टेजवर होतीस आणि मी मैदानात. म्हणून माझ्या बाजूनं सांगते.

तू सांगितलं नव्हतंस. ते मला सकाळीच कळलं, जेव्हा हरेश हसत आला आणि माझ्या पोरींना 'ऑल द बेस्ट, बेटा लोक' म्हणून गेला. अक्षता त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. तोंडात दातांचं रबर, डोक्याला टोपी, गालांना माती. त्यानं तिलाही बेस्ट दिलं आणि पुढं गेला. बापानं स्वतःच्या पोरीला ओळखलं नाही, उन्नती. मी तुला शप्पथ सांगते, त्या क्षणी मला हसू आलं नाही.

मग ती काचेची पेटी आणली. दोन माणसांनी उचलून. आत ती जर्सी, इस्त्री केलेली. आणि तिला झेंडूचा हार घातला! फोटोला घालतात तसा. कुणीतरी सांगायला हवं होतं, की हार घालतात ते गेलेल्या माणसाला. कुणी सांगितलं नाही, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सदू सरांच्या डोळ्यांत पाणी! नव्या विमानतळावरून एक विमान अगदी डोक्यावरून गेलं, म्हणून हरेशचं अर्धं भाषण बुडालं, तेवढा त्या विमानाला माझा नमस्कार.

मग आमच्या पोरी उतरल्या आणि केतननं नावं वाचायला घेतली. मुलांच्या संघाचे एक-अ तो आधी वाचून बसला होता, त्या लयीत होता. 'नंबर एक... नंबर एक?' थांबला. कागद जवळ धरला. 'नंबर एक, अक्षता हरेश घरत.'

स्टेजवरच्या सोफ्यांवरची सगळी डोकी एकदम मैदानाकडे वळली. मी तुझ्याकडे बघत होते. तू तबक खाली ठेवलंस. हरेश उभा राहिला. मी मनात ठरवलं होतं, तो मैदानात आला तर आडवी पडते. माझ्या वयात टॅकल होतो का नाही ते बघून घेऊ म्हटलं. अक्षतानं मागं वळून बघितलं नाही. तिनं दोन नंबरच्या पोरीच्या कमरेला घट्ट हात घातला आणि वाकली.

आणि तो काय करतो? त्यानं केतनच्या हातातून माईक घेतला. एक क्षण त्याचा चेहरा मला वाचता आला नाही. मग त्यानं समोरचे पाचशे लोक बघितले. त्यांचे मोबाईल त्याच्यावर रोखलेले होते. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, की राग कुठंतरी गेला आणि तिथं भाषण आलं. 'ही माझी पोरगी हाय! एक नंबर घरातच राहिला! जर्सी निवृत्त नाय झाली, मंडळी, वारसाला गेली! सातबाऱ्यावर वारस लागतो तसा!' शिट्ट्या, ढोल, फटाके. काचेची पेटी तिथंच उघडायला लावली. हार बाजूला काढून ठेवला. कमिटीतल्या सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या, पहिल्यासारख्याच. एक-अ ची कल्पना ज्यांनी काढली त्यांनीच आता म्हटलं, हो हो, नंबर म्हणजे जागा असते, आम्हाला माहीतच होतं.

आपण सामना हरलो. सपाटून हरलो. पण पहिल्या स्क्रममध्ये अक्षतानं समोरच्या त्या दांडग्या पुण्यावालीला दोन पावलं मागं रेटलं. राज्याचे निवडणारे वाकून काहीतरी लिहीत होते. मार्चमध्ये तिला शिबिराला बोलावलंय, पत्र आलंय, तुला कळलंच असेल. तिचा बाप आता तिला कॉलेजातून काढणार नाही. उलट तिचं होर्डिंग लावेल. म्हणजे जे मला हवं होतं ते सगळं झालं, आणि झालं ते त्या माणसाच्या फुशारकीमुळं. मला भयंकर संताप आला होता. इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते काय होतं? समोर मोबाईल धरला की उडून जाणारी गोष्ट. मला वाटलं, बघ उन्नती, एका शब्दाचा प्रश्न होता. तू त्या वेळी विचारलं असतंस तर.

आणि तेवढ्यात केतननं स्वागताध्यक्षांना आभारासाठी बोलावलं.

तुझ्या हातात कागद होता. तू वाचलास का तो? मला नाही वाटत. तू पदर सारखा केलास आणि हसत बोललीस, अगदी हळदीकुंकवाला बोलतात तशी. मी शब्दन् शब्द लिहितेय, कारण मला तो विसरायचा नाही.

'सगळ्यांचे आभार. आमच्या ह्यांचे विशेष आभार. आमचं ठरलं तेव्हा मी पण ह्यांना विचारलं होतं, मी खेळत राहू का म्हणून. दोनदा विचारलं होतं. तेव्हा हे म्हणाले होते, एका घरात दोन एक नंबर कसे चालतील? आज ते चालले. म्हणून मी ह्यांचे आभार मानते.'

काय हशा झाला! पहिल्या रांगेतले सगळे मांड्या थोपटत होते. 'वहिनी एक नंबर!' असं कुणीतरी ओरडलं. हरेशसुद्धा पोट धरून हसत होता. तू पण हसत होतीस. तुझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, मी बघितलं. त्या तोंडाला पदर लावून खाली बघत होत्या.

दोनदा विचारलं होतंस. आणि त्या अंगणात मला म्हणालीस, त्यांना काय विचारायचं. मी दारात जाऊन भांडेन म्हणूनच ना? मी त्याच्यावर ओरडले असते, लग्न मोडलं असतं, तुझ्या घरच्यांची मान खाली गेली असती. म्हणून तू मला तुझाच राग धरू दिलास. बावळट. मूर्ख बाई. तुझ्याइतकी मूर्ख बाई मी बघितली नाही.

जेवणाच्या रांगेत मी तुला शोधत होते. तू पाहुण्यांना वाढत होतीस, सारखी कुणी ना कुणी तुझ्यापाशी. मग मी हरेशपाशी गेले. त्याच्या ताटात जिलब्यांचा ढीग होता. मी विचारलं, हरेश, उन्नती ते काय बोलली, एका घरात दोन एक नंबर? तू खरंच बोलला होतास असं?

मला वाटलं, तो चपापेल. खोटं बोलेल. निदान नजर फिरवेल. मी त्या नजरेसाठीच गेले होते.

त्यानं जिलबी चावता चावता आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, प्रामाणिकपणे. मग म्हणाला, 'असं बोललेलो मी? काय माहीत. पण भारी हाय ना? केतन, लिहून ठेव रे. होर्डिंगवर टाकू.'

उन्नती, मी आयुष्यात कधी गप्प बसले नाही, तुला माहीत आहे. माझ्या तोंडात जिभेऐवजी खराटा आहे असं आई म्हणते. मी तिथं ताट घेऊन उभी राहिले आणि मला एक शिवी सुचली नाही.

त्याला आठवतही नाही गं.

मैत्री